वकीलमावशी आणि बोटीनं जाणारी द्राक्षं

वकीलमावशीला कुणी साधा नमस्कार केला, तरी ती आधी विचारायची, "कशापायी?" आणि समोरचा गोंधळला की स्वतःच पोट धरून हसायची. शाळेची पायरी ती चढलेली नव्हती, कोर्टाची तर मुळीच नाही. पण कर्नाटकाच्या सीमेलगतच्या मुरुम गावात, आमच्या गल्लीत तिचं खरं नाव कुणी घेत नसे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या की "ही पांढरी कशाला, ही तांबडी कशाला?" कंडक्टर "पुढं सरका" म्हणाला की "पुढं काय हाय?" एकदा कीर्तनात बुवा म्हणाले, आत्ताची दुःखं म्हणजे मागल्या जन्मीची पापं. ही उठून उभी राहिली. "म्हाराज, मागल्या जन्मी म्या कोण हुते तेवढं आधी सांगा, मग पापाचं बघू." बुवांनाच हसू आवरेना, त्या दिवशी अभंग अर्ध्यावर राहिला.

उंच, काळीसावळी, कपाळ मोठं आणि आवाज त्याहून मोठा. नवरा लवकर गेलेला, एकुलती लेक उमरग्याला दिलेली. घरात मराठी, माहेरच्या माणसांशी कानडी आणि भांडणात दोन्ही, असा तिचा शिरस्ता होता.

माझी तिची खरी ओळख झाली ती द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये. मी बी.ए. होऊन घरी बसले होते. गावाबाहेर रस्त्याला लागून एका बागायतदारानं पॅकहाऊस टाकलं होतं आणि तिथला माल युरोपात जायचा. परदेशी माणसं अधूनमधून येत, त्यांच्याशी बोलायला इंग्रजी येणारं कुणीतरी हवं म्हणून मालकांनी मला ठेवून घेतलं. हिवाळा संपत आला की हंगाम सुरू व्हायचा. लांबच लांब टेबलांपाशी बायका उभ्या राहायच्या, कात्रीनं घडातला बारका, डागी मणी काढायच्या आणि घड प्लास्टिकच्या डब्यात निजवायच्या. मण्यावर मुळातच असणारी पांढरी पावडर बोटानं पुसली गेली तरी माल नापास. मग थंड खोली, मग कंटेनर, मग बोट.

पहिल्या टेबलाच्या टोकाला मावशी उभी असायची. घडातले सगळे मणी एका आकाराचे, एका रंगाचे हवेत, हा नियम तिला फार गमतीचा वाटायचा. "आमच्या आईला पाच लेकरं झाली, एक दुसऱ्यावानी न्हाय," ती म्हणायची. "तिचा माल काय पास झाला नसता बाई!" नापास झालेली द्राक्षं टोपलीत पडायची. मावशी त्यातलाच एक मणी तोंडात टाकून डोळे मिटायची आणि निकाल द्यायची, "गोऱ्यांना अक्कल न्हाय. गोड ते हितंच ऱ्हायलं."

पहिल्याच हंगामात बांगड्यांचा प्रश्न निघाला. काचेचा तुकडा डब्यात जाऊ नये म्हणून बांगड्या काढून कामाला उभं राहायचं, असा माल घेणाऱ्या परदेशी दुकानाचा नियम आला. बायका हटून बसल्या. नवरा जिवंत असताना हात मोकळे कसे करायचे? दोघीतिघी रडायलाच लागल्या. मावशीच्या हातात बांगड्या नव्हत्याच, तिला त्या नियमाचं काही देणंघेणं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी ती जुन्या झंपरांच्या बाह्या कापून, दोन्ही टोकांना इलॅस्टिक घालून घेऊन आली. मनगटापासून कोपरापर्यंत बाही चढवली की बांगड्या आत झाकलेल्या. "काच फुटली तर बाहीतच ऱ्हाईल," ती मालकांना म्हणाली. "त्यांची द्राक्षंबी वाचली आन् हिचा नवराबी वाचला." परदेशी दुकानानं फोटो मागवले आणि बाह्या मान्य केल्या. पुढं आसपासच्या पॅकहाऊसमध्येही तशाच बाह्या दिसू लागल्या.

दुपारच्या भाकरीला मी तिच्याशेजारी बसायचे. कॉलेजातल्या सरांची व्याख्यानं तेव्हा माझ्या डोक्यात ताजी होती. एकदा मी तावातावानं तिला सांगितलं, "मावशी, तिकडच्या लोकांचं सगळं सुख आपल्या जिवावर चाललंय. आपलं पाणी, आपले कष्ट स्वस्तात घेऊन ते मजा करतात. ही लूटच आहे."

"लूट कशी? मालक तर स्वतःहून इकत्यात."

"दर कोण ठरवतं? ते. नियम कोण ठरवतं? ते. आपण फक्त 'हो' म्हणायचं. मग लूट नाही तर काय?"

तिनं भाकरीचा तुकडा चटणीत फिरवला. "दर त्ये ठरिवत्यात, खरं हाय. पण ह्या शेडमधी पंखा आला तो कुणामुळं? त्यांच्या नेमामुळं. आपल्या मालकाला आपल्या घामाचा वास कधी आला हुता?" मग म्हणाली, "चोर एकच आसता तर सोपं झालं आसतं, पोरी."

त्या वादात कोण जिंकलं ते ठरलं नाही. पण त्याच हंगामात तो वाद आमच्या शेडमध्ये चालत आला.

परदेशी दुकानाची तपासणीस बाई येणार म्हणून निरोप आला. तिचं नाव एमा. मावशीला भारी आनंद झाला. "यम्मा? आमच्या कानडीत बाईमाणसाला तशीच हाक मारत्यात की!" तेव्हापासून ती सगळ्यांची यम्माबाई झाली. आदल्या दिवशी मालकांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "काय विचारलं तर 'सगळं चांगलं आहे' म्हणायचं. चहाची सुट्टी दोनदा होते म्हणायचं. आणि संडास उद्या उघडा असेल, पण घाण करू नका."

या संडासाबद्दल सांगायला हवं. शेडच्या मागं फरशी बसवलेला, नळ असलेला संडास होता. नियमात बसावं म्हणून बांधलेला आणि स्वच्छ राहावा म्हणून कुलूप लावलेला. बायका शेजारच्या ज्वारीच्या रानात जायच्या. ज्वारी उभी असेपर्यंत भागायचं. पण ऐन हंगामात ज्वारी काढली जायची आणि आडोसा संपायचा. मग बायका सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. एक पोरगी त्यापायी चक्कर येऊन टेबलावर पडली होती.

यम्माबाई आली. गोरी, किडकिडीत, उन्हानं लाल झालेली, स्वभावानं चांगली. तिनं सगळं पाहिलं, थंड खोलीतलं तापमान पाहिलं, बाह्यांचं तर फारच कौतुक केलं. मग ती संडास पाहायला निघाली आणि मावशी तिच्या मागोमाग. मधे मी, मागं मालक. दार उघडं, फरशी लख्ख, नळाला पाणी. यम्माबाईनं मान डोलावली आणि मावशीला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का?

मावशीनं तिचे दोन्ही हात हातात घेतले. "बाई, तुमी दर म्हैन्याला येत जावा," ती म्हणाली. "तुमी आलाव की ह्ये दार उघडतं."

मालकांचा चेहरा उतरला. मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. यम्माबाई आधी हसली. आवतणच वाटलं तिला. मग तिला अर्थ लागला आणि हसू मावळलं. दाराच्या कडीला लटकणाऱ्या कुलपाकडं तिनं बराच वेळ पाहिलं.

"हे मी लिहिलं तर वर बसलेले लोक ऑर्डर रद्दही करू शकतात," ती मावशीला म्हणाली. "तुमचं सगळ्यांचं काम जाईल. मी काय करू?"

शेडच्या दाराशी बायका येऊन उभ्या होत्या. मावशीनं वळून त्यांच्याकडं पाहिलं. ज्या पोरीला चक्कर आली होती ती पुढंच होती. तिनं मान हलवली, हो म्हणून.

"लिवा," मावशी म्हणाली. "पण निम्मं लिवू नका. तुमचं दुकान दरसाल दर पाडतंय, त्येबी लिवा. मालकाला तिकडं कमी मिळतंय आन् हिकडं त्ये आमची मजुरी कमी करत्यात. कुलूप त्यांनी लावलं, खरं हाय. पण किल्ली थोडी तुमच्याकडंबी हाय."

यम्माबाईनं मान खाली घातली. मग म्हणाली, "आमच्याकडं बर्फ पडत असतो, तेव्हा लोक ही द्राक्षं उचलून टोपलीत टाकतात. ती कुठून आली, कुणालाच ठाऊक नसतं."

"मग तुमी सांगा की. तोंड हाय न्हवं?"

त्यावर मात्र दोघी एकदम हसल्या. जाताना यम्माबाईनं मावशीला मिठी मारली. मावशी आयुष्यात पहिल्यांदा गोंधळलेली मी पाहिली. हात कुठं ठेवायचे ते तिला कळेना.

कुलूप त्याच संध्याकाळी निघालं, ते पुन्हा लागलं नाही. यम्माबाईनं लिहिलं, तरी ऑर्डर लगेच रद्द झाली नाही. पण पुढच्या वर्षी त्या दुकानानं आमच्याकडून माल घेणंच बंद केलं. कारण कळलं ते असं की, त्यांना दुसऱ्या एका देशात याहून स्वस्त माल मिळाला होता. मावशी मला म्हणाली, "तुझा मास्तर निम्मा खरा निघाला गं. त्यांना गोड पायजे, पाप नको, आन् दाम मोजाया तर त्याहून नको." थोड्या वेळानं म्हणाली, "त्या दुसऱ्या देशातल्या बायकांना तरी कुणी बाह्या शिवून दिल्या आसतील का?"

मालकांनी सारा राग तिच्यावर काढला. माल आता हैदराबाद-बेंगळुरूला जाऊ लागला, बायकांना बोलावणी गेली, मावशीला मात्र नाही. ती ओट्यावर बसून शेंगा फोडायची आणि कामावर जाणाऱ्या बायकांना चिडवायची, "जावा जावा, माज्यामागं तरी टेबल नीट पुसा!" तोंडानं हसायची, पण त्या दिवसांत ती उमरग्याला लेकीकडं वरचेवर जायला लागली. रिकामं बसणं तिच्या जिवावर येत होतं. हंगाम अर्ध्यावर आला आणि एका सकाळी मालक स्वतः तिच्या ओट्याशी येऊन उभे राहिले.

"मावशी, चला. तुमच्याबिगर बायका धड काम करीनात."

"आन् म्या आल्यावर करतील?"

"न्हाय करणार. पण हसतील तरी. शेड मसणवट्यावानी झालंय."

मावशीनं शेंगांची टरफलं झाडली. "चहाची सुट्टी दोनदा हुती का?" तिनं विचारलं. मालकांनी कपाळावर हात मारला. "व्हय बाई, दोनदा." आणि ती उठली.

त्याच दिवसांतली बाजारातली एक गोष्ट. आठवडी बाजारात सीमेपलीकडून एक म्हातारी केरसुण्या घेऊन यायची. घासाघीस करण्यात मावशीचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं कानडीत सुरुवात केली, म्हातारीला पार जेरीला आणली आणि ऐन सौदा तुटायच्या क्षणी एकदम थांबली. "थांब गं," ती मला म्हणाली. "म्या तर त्या दुकानावानीच बोलायले की! आपूणबी कुणाचे तरी गोरेच हाव." तिनं म्हातारीला मागितलेला दर मुकाट्यानं दिला. चार पावलं गेली, तिला काही राहवलं नाही. परत फिरली आणि एक लहानशी हातकेरसुणी फुकट मागून घेतली. "इतकं सुधरायबी नगं एकदम," वाटेत तिनं मला समजावलं.

पुढं मला पुण्यात नोकरी लागली, परदेशी गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायची. दुपारी सुरू होणारी पाळी. निघाले त्या दिवशी मावशी मुरुमच्या स्टँडवर शेंगांची चटणी घेऊन आली. कामाचं स्वरूप तिनं नीट उलटतपासणी करून समजून घेतलं. "म्हंजे त्यांनी वरडायचं आन् तू ऐकायचं? द्राक्षं झाली, आता ह्येबी आपणच पुरवायचं व्हय!" मग गाडी हलता हलता खिडकीपाशी येऊन म्हणाली, "कुणी लई वरडला तर जेवलाव का म्हून इचार. उपाशी माणूस लई वरडतो."

मावशी आता नाही. मागच्या थंडीत, लेकीच्या घरी, झोपेतच गेली. पण ती जाण्याआधी काही दिवस आमचं फोनवर बोलणं झालं होतं. तेव्हा मी तिला सांगितलं, की एक म्हातारा गिऱ्हाईक घरातला हीटर बंद पडला म्हणून माझ्यावर फार ओरडत होता, आणि मी त्याला खरंच विचारलं, तुम्ही जेवलात का? तो एकदम हळू आवाजात म्हणाला, बायको गेल्यापासून हे कुणी विचारलं नव्हतं. हीटरचं बाजूलाच राहिलं, तो मला त्याच्या बायकोबद्दल सांगत बसला.

पलीकडं शेंगा फोडण्याचा आवाज चालला होता, तो थांबला.

"म्हंजे सुखात त्येबी न्हाईत व्हय गं," मावशी म्हणाली. "मग आपल्याकडनं गेलेलं सुख जातं तरी कुटं?"

मी कॉलेजातल्या सरांची व्याख्यानं आठवायला लागले.

"बरं, इचार करून सांग," ती म्हणाली. "घाई न्हाय."