यादीतलं शेवटचं नाव

सांगा बघू, भरवसा कोणावर ठेवायचा? दोन तासांच्या पेपरावर, की डोळ्यांसमोर वाढलेल्या पोरीवर? काशीत ब्रह्मा घाटाच्या गल्लीत माझं साड्यांचं दुकान. गादीवर बसणारा साडी घेवो न घेवो, एक किस्सा ठेवूनच उठतो. त्यात नव्वद सालानंतर घरोघरी एन्ट्रन्सचं वारं शिरलं, आणि किस्स्यांची थप्पीच लागली!

*

माझ्या मुलीचं, नलिनीचं नाव बी.एस्सी.च्या एन्ट्रन्सच्या यादीत आलं. अगदी शेवटचं! पहिलं नाव तिच्याच मामेभावाचं, संजयचं. त्याचे वडील, माझे मेहुणे वसंतराव, बँकेत. म्हणाले, "दाजी, नका पाठवू. वर्षभरात रडत परत येईल."

"आली तर आमच्याच घरी येईल ना? तुमच्या बँकेत तर नाही!"

आतून नलिनी ओरडली, "मैं जाऊँगी. बस!"

*

शेजारच्या वेदशास्त्र्यांचा नातू माधव. अख्खी संहिता तोंडपाठ. एन्ट्रन्सला सातव्या प्रश्नावर अडला, तो घंटा होईपर्यंत तिथेच!

"अरे, सोडून पुढे जायचं!"

"गाळून? एक ओळ गाळली तरी आजोबा पहिल्यापासून म्हणायला लावतात!"

पुढच्या वर्षी आजोबांनीच सांगितलं, "त्या पेपरात खुशाल गाळ. पाप माझ्या माथी." पोरगा सरळ आत! डोकं तेच, परवानगी तेवढी नवी.

*

कोचिंगवाले सर बायकोसाठी शालू घ्यायला आले. भिंतभर टॉपरांचे फोटो लावलेत म्हणाले. मी विचारलं, "त्यातले कॉलेजात टिकले किती?"

"वो हमारा काम नहीं है, सेठजी."

"बरोबर. आम्हीही शालू विकतो, संसाराची गारंटी देत नाही!"

*

एकदा मीही परीक्षा घेतली. मी सातवी पास, पण हौस! तोंडी प्रश्नांत पहिला आला त्याला दुकानात ठेवलं. गिऱ्हाईक म्हणालं, "साड्या दाखवा." याने एकच काढली. "सगळ्यात चांगली हीच. बाकीच्या कशाला?"

एका प्रश्नाला एकच उत्तर! गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं.

*

तीन वर्षांनी बी.एस्सी.चा निकाल लागला. वसंतराव पेढे घेऊन धावत आले. "बघा दाजी! एन्ट्रन्सला पहिला, कॉलेजातही पहिला! पेपर खोटं बोलतो का?"

"छे हो. आणि दुसरं नाव कोणाचं?"

वसंतरावांनी पुड्यातला दुसरा पेढा नलिनीच्या हातावर ठेवला.

आता हा किस्सा तुम्ही पुढे सांगालच. तेवढा हिशेब प्रामाणिक ठेवा. संजय पहिला आला हे आधी सांगा, मोठ्याने सांगा. मग जरा थांबा, आणि दुसरं नाव वाचा.