काउंटरखालचा अंक

स्वतःवरच्या विनोदाला जो सगळ्यांत मोठ्याने हसतो, त्याच्यापासून मी चार हात लांब राहतो. हा संशयी स्वभाव थोडा जन्माचा आणि थोडा म्युनिकचा. इंग्लंडात वॉटफर्डला येण्याआधी मी तिथे नोकरीला होतो आणि एका निवृत्त मास्तरांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. रविवारी ते मला खाली कॉफीला बोलवायचे आणि माझं जर्मन सुधारण्याच्या निमित्ताने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. ती गोष्ट होती त्यांच्या गावातून निघणाऱ्या एका जुन्या व्यंगचित्र साप्ताहिकाची. मास्तरांच्या आजोबांचं वर्तमानपत्रांचं दुकान होतं, त्यामुळे त्या साप्ताहिकाचा इतिहास मास्तरांना दुकानदाराच्या बाजूने ठाऊक होता.

सुरुवातीला ते कोणाचीच भीड ठेवायचं नाही. कैसर, पाद्री, मिशा पिळणारे लष्करी अधिकारी, सगळ्यांची खिल्ली. सरकारने अंक जप्त केले, लिहिणाऱ्या-काढणाऱ्यांना तुरुंगात धाडलं, आणि खप वाढला. आजोबा अंक काउंटरखाली ठेवायचे. ओळखीच्या गिऱ्हाइकाने नुसती मान खाली घातली की ते काढून द्यायचे. मग पहिलं महायुद्ध आलं आणि तेच चित्रकार आपल्या सैन्याचे गोडवे गाऊ लागले. युद्धानंतर पुन्हा थोडी धार आली. नाझी आले तेव्हा काहीजण पळाले, उरलेल्यांनी मान तुकवली. साप्ताहिक त्यानंतरही बरीच वर्षं निघत राहिलं, पण ज्यांची टिंगल सरकारला चालेल त्यांचीच टिंगल करत.

“बंद कधी पडलं?” मी विचारलं होतं.

“कागदोपत्री पुष्कळ नंतर,” मास्तर म्हणाले. “आजोबा म्हणायचे, ज्या दिवशी ते काउंटरवर उघडं ठेवता यायला लागलं, त्याच दिवशी.”

वॉटफर्डला आल्यावर मी हे विसरूनही गेलो असतो. पण इथे आमचं मराठी मंडळ आहे आणि मंडळाला काका आहेत. काका फार पूर्वी इथे आले. ते मंडळाचे अध्यक्ष. निवडणूक दरवर्षी होते आणि दरवर्षी काका बिनविरोध निवडून येतात, कारण त्यांच्याविरुद्ध उभं राहणार कोण? त्यांचं गॅरेज जादा गाद्यांनी भरलेलं आहे. पुण्या-नागपूरहून कोणी नवीन आलं की पहिल्याच आठवड्यात काका स्वतःच्या गाडीवर गादी बांधून त्याच्या दारात हजर होतात. मीही त्यांच्या गादीवर झोपलोय.

दिवाळीच्या कार्यक्रमात आमच्याकडे शेलापागोटे असतात. निनावी चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, एकमेकांची खोड काढायची, आणि मग त्या स्टेजवरून वाचायच्या. कॉलेजात असतात तसेच. फरक इतकाच की इथे काका त्या चिठ्ठ्या आधी घरी नेऊन निवडतात. निवडून जे उरतं ते बिनतिखटाच्या मिसळीसारखं लागतं.

माझी एक मैत्रीण आहे. पुण्याची, माझ्यासारखीच सॉफ्टवेअरमधली, आणि चित्रं फार छान काढते. मला इथे कायमचं राहायची परवानगी मिळाली होती, ती मात्र अजून वर्क व्हिसावर होती. तिला मी म्युनिकच्या मास्तरांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “मग आपणच काढू या ना. काका ज्या चिठ्ठ्या रिजेक्ट करतात, त्या लोक आपल्याला देतील.”

आणि लोकांनी खरंच दिल्या. माझ्या प्रिंटरवर छापलेलं आमचं चार पानी पत्रक हॉलच्या किचनमध्ये चहाच्या ट्रेखाली जाऊन बसलं. पहिल्या पानावर काकांचं नाक होतं. ते मुळातच भरघोस आहे. तिने ते असं काढलं होतं की नाक स्टेजवर माइकपाशी पोचलंय, काका अजून कार पार्कमध्येच आहेत, आणि भाषण सुरू झालंय. खाली पुऱ्या गार होत होत्या.

काकांनी हॉलमध्ये फिरून हाताला लागतील ती पत्रकं गोळा केली आणि हे काम कुणाचं ते ओळखून माझ्याशी बोलणं टाकलं. पुढच्या कार्यक्रमाला बायका पर्स उघडून हळूच विचारू लागल्या, “ते आहे का?” मला मनापासून आनंद झाला. चिडलेला माणूस मला आवडतो, तो कुठे उभा आहे ते दिसतं.

मग एका गणपतीत काका हसले. सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “अरे, काय नाक काढता रे माझं! लपवाछपवी कशाला? पुढचा अंक कलरमध्ये करू आणि प्रसादाच्या टेबलावर ठेवू.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मैत्रिणीकडे पाहिलं तर ती म्हणाली, “चांगलंच आहे की.” पाल चुकचुकली ती तिथेच.

पुढच्या अंकात नाक लहान झालं. त्याच्या पुढच्या अंकात ते चारचौघांसारखं नाक होतं आणि काका हसतमुखाने श्रीखंड वाढत होते. आमच्या चिठ्ठ्या आता कोणावर, तर चुकीच्या जागी गाडी लावणाऱ्या नवख्या मुलांवर. पत्रक प्रसादाशेजारी उघडं पडलेलं असायचं आणि लोक त्यावर शेंगांची टरफलं ठेवायचे.

एका सकाळी मी पेट्रोल भरत होतो तेव्हा पलीकडे काकांची गाडी थांबलेली दिसली. आत पुढच्या सीटवर माझी मैत्रीण. मी हात केला नाही. पंपाच्या आड उभं राहून नुसतं बघत राहिलो. काका काहीतरी बोलले, ती हसली. तिनेही मला पाहिलं आणि मान वळवली.

चार-पाच दिवसांनी मी तिला स्टेशनबाहेर गाठलं. “काकांच्या गाडीतून कधीपासून फिरतेयस?”

ती आधी चिडली. मग सरळच म्हणाली, “मला नोकरीवरून काढलं रे. रिडंडन्सी. ठराविक मुदतीत व्हिसासाठी नवी कंपनी, नवा स्पॉन्सर मिळाला नसता तर सगळं गुंडाळून परत. मुलीची शाळा अर्धवट. मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण काकांना कुठून तरी कळलं. स्लाऊला त्यांच्या भाच्याची कंपनी आहे, तिथे त्यांनी मला लावून दिलं. त्यांचं तिकडे काम असलं की लिफ्ट देतात.”

“आणि नाकाबद्दल काय म्हणाले?”

“एक शब्द नाही. म्हणाले असते तर मुद्दाम मोठं काढलं असतं. काही म्हणत नाहीत, म्हणून तर मोठं काढायला हात उचलत नाही.”

काकांचं हसू आधी की तिची नोकरी आधी, हे मी तिला दोनदा विचारलं. तिला नक्की आठवेना. घरी जाताना माझं डोकं तिथेच फिरत राहिलं. काकांनी तिला वाचवलं की आम्हाला गप्प केलं? गाद्या देणारा माणूस नोकरीही नुसती चांगुलपणाने देऊ शकतो. हे मला कळत होतं, तरी विश्वास बसत नव्हता.

त्यानंतर काही दिवसांनी ती माझ्या घरी आली आणि टेबलावर एक चित्र ठेवलं. काकांचं नाक हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलं होतं आणि त्यावर गादीवर झोपावं तसं आख्खं मंडळ ओळीने झोपलं होतं. टोकाला ती, मुलीला कुशीत घेऊन. सगळ्यांत पुढे मी, पांघरूण कानावर ओढून. तिच्या हातून इतकं चांगलं चित्र आधी कधी उतरलं नव्हतं.

“छाप,” ती म्हणाली.

“अगं, तुझा व्हिसा?”

“माहितीये. तू छाप.”

मी छापलं नाही. तिच्या मुलीसाठी नाही छापलं, असं मी स्वतःला सांगतो, आणि ते खोटंही नाही. तिने एकदा विचारलं, तेव्हा प्रिंटर बिघडलाय म्हणून सांगितलं. तिने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी दिसलं आणि मला तिचा राग आला. माझाही आला. त्यानंतर अंक निघालाच नाही. “ते आहे का?” असं कोणी विचारलंही नाही.

विचारलं ते फक्त काकांनी. यंदाच्या दिवाळीत ते फराळाची थाळी घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले. आता त्यांना खुर्चीचा आधार घेऊन बसावं लागतं.

“काय रे, अंक कुठाय? माझं नाक विसरलात की काय?”

ते हसत होते. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांना खरंच चुकल्यासारखं वाटतंय की ते मला चाचपून बघतायत, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही.

“काढू काका,” मी म्हटलं. “काढू.”

त्यांनी आपल्या थाळीतला चिरोटा उचलून माझ्या थाळीत ठेवला आणि माझ्याकडे वाकून, हॉलच्या गोंगाटात ऐकू यावं म्हणून कानाशी लागून, गुडघेदुखीचं काहीतरी सांगू लागले. मी मान डोलवत होतो. सहज वर पाहिलं तर समोरच्या टेबलावरून मैत्रीण आमच्याकडे बघत होती. पेट्रोल पंपावर मी तिच्याकडे जसं पाहिलं होतं, तसंच. ते चित्र माझ्या कपाटात आहे हे मी काकांना सांगून टाकलंय का, ते तिला माझ्या चेहऱ्यावरून ओळखायचं होतं. मी हात केला. तिने मान वळवली.