कोठीच्या पोटातलं

कॅनडातल्या वॉन गावी, गोदामांच्या रांगेत आमचं वर्कशॉप आहे. बाहेरून बघितलं तर आत टायर विकत असतील असं वाटावं. आत जुनी चित्रं आणि मूर्ती दुरुस्त होतात. किचनर शहरातल्या सॉफ्टवेअर कंपनीनं मला घरी बसवलं तेव्हा सत्तेचाळिसाव्या वर्षी कोर्स करून मी या कामाला लागले. सगळ्यांनी वेड्यात काढलं. काढू देत. मला हे काम आवडतं, आणि ते मी चांगलं करते असा माझा समज होता.

गेल्या जानेवारीत ती आली. स्कारबरोतलं एक जुनं चर्च बंद होऊन विकलं जात होतं. तिथली मेरीची मूर्ती म्युझियमला जायची होती, त्याआधी सफाईला आमच्याकडे. इक्वादोरमधल्या किटोत घडवलेली, दोन-अडीचशे वर्षांची, असं आमच्या वर्कशॉपच्या मालकाचं म्हणणं. स्पेनचं राज्य असताना तिथल्या मूळच्या कारागिरांनी युरोपातून आलेली छापील चित्रं समोर ठेवून असे चेहरे घडवले. म्हणून गाल थंडीतून फिरून आल्यासारखे गुलाबी, नाक सरळ, काचेचे डोळे आतून बसवलेले. ज्यानं ती घडवली त्याच्या आईशी या चेहऱ्याचं काडीचंही साम्य नसणार. असं काही बघितलं की मला आधी राग येतो. मग तो चेहरा इतका सुंदर असतो की राग टिकत नाही, आणि त्याचा वेगळाच राग येतो.

झगा उचलला तर खाली अंगच नाही. चेहरा आणि हात तेवढे कोरलेले, कमरेखाली लाकडी पट्ट्यांचा पिंजरा. ही पद्धतही स्पेनहूनच तिकडे गेली. वर कपडे चढवायचेच आहेत तर अंग घडवायचं कशाला? मालक हे मला समजावून सांगत होता आणि मला हसू येत होतं. मला सांगतोयस? नागपूरला आमच्या घरी महालक्ष्म्या अशाच उभ्या राहायच्या. मुखवटा, हात, आणि खाली लोखंडी कोठी. आई कोठीच्या पोटात गहू भरायची, वर लाडू-करंज्या ठेवायची आणि मग नऊवारी नेसवायची. पोट भरायचं काम आईचं, तिसऱ्या दिवशी रिकामं करायचं माझं. देवी परत गेली की कोठीतलं सगळं आपलं. गहू डब्यात, लाडू शेजारीपाजारी.

या मूर्तीच्या पिंजऱ्यात जुना कापूस होता, कसर लागलेल्या चिंध्या होत्या, आणि सात-आठ चिमुकली गाठोडी. आतून निघेल त्या प्रत्येक वस्तूचा फोटो काढायचा, वेगळ्या पिशवीत घालून नंबर टाकायचा, असा आमचा नियम आहे. मला तो पाठ होता. पण शुक्रवारची दुपार होती आणि नवऱ्याचा फोन आला होता. "अगं, लवकर निघ, स्नो येतोय. विंटर टायर्स आहेत म्हणून हायवेवर शायनिंग मारू नकोस." मी हातमोजे घातले, कोपरापर्यंत हात आत घातला आणि पोट रिकामं केलं. दोन गाठोडी चाचपली, मऊ लागली. भराव असेल म्हटलं. सगळं काळ्या पिशवीत, पिशवी कचऱ्यात. लहानपणापासूनचा सराव, हात एकदाही अडखळला नाही. सोमवारी सकाळी कचऱ्याची गाडी येऊन गेली.

मंगळवारी आजीबाई आल्या. मूळच्या इक्वादोरच्या, ऐंशीच्या आसपासच्या. स्कारबरोच्या त्या चर्चमध्ये तीस वर्षं या मूर्तीला कपडे नेसवायचं काम त्यांच्याकडे होतं. म्युझियमकडून शेवटच्या एका खेपेची परवानगी मिळवून त्या स्वतः शिवलेला निळा झगा घेऊन आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी मालकाला बाहेर काढलं. पुरुषांनी थांबायचं नसतं, म्हणाल्या. मालक मुकाट्यानं गेला. मला गंमत वाटली. आईही बाबांना पिटाळायची, पण ती लुडबुड नको म्हणून.

मग त्यांनी पिंजऱ्यात हात घातला. आधी डावीकडे, मग उजवीकडे. गुडघ्यावर बसल्या आणि खालून वाकून बघायला लागल्या. त्या वयात, त्या थंड फरशीवर. मोडक्या इंग्लिशमध्ये जे सांगितलं ते असं. त्यांचं पहिलं मूल नऊ दिवस जगलं. कॅनडात येताना त्याचं एक अंगडं तेवढं त्यांनी बरोबर आणलं. घरं बदलताना आपल्याकडून ते हरवेल, हिच्याकडून हरवायचं नाही, म्हणून गाठोडं बांधून हिच्या पोटात ठेवलं. चर्च बंद झाल्यावर रविवार सोडून मधल्याच एका वारी माणसं येऊन मूर्ती घेऊन गेली. यांना कुणी कळवलंच नाही.

आमची देवी तिसऱ्या दिवशी जाते, म्हणून तिच्या पोटातलं परत घ्यायचं असतं. ही कुठे जात नाही. हिच्या पोटात बायका ठेवायलाच देतात. एवढी साधी गोष्ट मला कळायला हवी होती. जगात दुसऱ्या कुणाला नाही तरी मला.

स्टोअरमध्ये असेल, शोधते, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. तोंडाशी आलंही होतं.

"मी फेकून दिलं," मी म्हटलं. "कचरा समजून."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग त्यांनी एकच विचारलं.

"यू ओपन? द बटन... स्टिल देअर?"

अंगड्याला एक बटण होतं, त्याचा दोरा सैल झालेला. गाठोडं बांधताना ते टाका घालून पक्कं करायचं राहिलं होतं. ते आत निसटून पडलं असेल का, एवढंच त्यांना इतकी वर्षं वाटत आलं होतं. उघडून बघायचा मात्र कधी धीर झाला नव्हता.

मी गाठोडी उघडलीच नव्हती.

"येस," मी म्हटलं. "होतं. पांढरं. आपल्या जागी होतं."

त्यांनी डोळे मिटले. मग माझा हात धरून उठल्या आणि टाचण्यांची डबी मागितली. आम्ही दोघींनी मिळून तिला नेसवलं. चुण्या मी घातल्या. चांगल्या पडल्या, म्हणाल्या.

सप्टेंबरात आमच्या बेसमेंटमध्ये महालक्ष्म्या बसल्या. मुखवटे आईचेच, ती गेल्यावर मी इकडे आणलेले. तिसऱ्या दिवशी लेकीला म्हटलं, तू राहू दे, मी रिकामं करते. एकेक लाडू, एकेक करंजी हातात घेऊन मागूनपुढून बघितली. मग गहू परातीत घेतला आणि मूठमूठ करून बोटांतून सोडायला लागले. तास झाला असेल.

"आई, व्हॉट आर यू लुकिंग फॉर?"

"बटण," मी म्हटलं.

ती हसली. तिला मी यातलं काहीच सांगितलेलं नाही.