नाझनीनला आणायला अंजनवेलला

शनिवारी सकाळी रत्नागिरीच्या स्टँडवर जयगडची गाडी पकडली तेव्हा माझ्या नखांत अजून लाल रंग होता. आदल्या दिवशी कॉलेज सुटल्यावर आम्ही फलक रंगवले होते. आम्ही म्हणजे मी आणि आणखी दोन मुली. मुलगे घोषणा काय असाव्यात यावर चर्चा करत होते.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. पालीजवळच्या गावातून रोज ये-जा करते. आमचा विद्यार्थ्यांचा एक गट आहे. तो कुठल्याही पक्षाचा नाही, यावर अजून कोणाचा विश्वास बसलेला नाही. वर्षभर आमची एक मागणी चालू होती. कॉलेजचा वाचनकक्ष तास संपले की बंद होतो आणि पाली, संगमेश्वर बाजूच्या मुलींची गाडी संध्याकाळी असते. मधला वेळ आम्ही स्टँडच्या बाकावर काढतो. पुस्तक मांडीवर असतं आणि समोर कोणीतरी टक लावून बघत असतं. म्हणून वाचनकक्ष गाडीच्या वेळेपर्यंत उघडा ठेवा, एवढंच.

सोमवारी प्राचार्यांनी गटाला भेटीची वेळ दिली होती. पण आमच्यातली सगळ्यात चांगली बोलणारी, नाझनीन, गणपतीच्या सुट्टीत अंजनवेलला घरी गेली ती परत आलीच नव्हती. फोनवर ‘बरी आहे’ यापलीकडे बोलत नव्हती.

“घरच्यांनी अडवलं असणार,” आमचा गटप्रमुख सिद्धेश म्हणाला. “तू जा. मुलगी गेली तर तिचे वडील ऐकून तरी घेतील.”

म्हणून मी निघाले. शनिवार-रविवारची झोप गेली, हे पहिलं मनात आलं. मोर्चा, बैठक, पोस्ट, परत बैठक, आणि घरी गेल्यावर बाबांचा प्रश्न, “परीक्षेचं काय?” या वर्षी मी एवढी दमले होते की खिडकीतून येणारा वाराही अंगावर ओझ्यासारखा वाटत होता.

ऑक्टोबरचं ऊन होतं. सड्यावरचं (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरचं) गवत पिवळं पडलं होतं. खाली भातकापणी चालली होती आणि मधेच एखाद्या वळणावर समुद्र दिसून पुन्हा लपत होता. मी तिच्या वडिलांसाठी मनात भाषण जुळवत होते. मुलींचं शिक्षण, संविधान, समाज काय म्हणेल याची भीती का बाळगू नये, सगळं होतं त्यात.

जयगडच्या जेट्टीवर पोचले तर फेरीबोट समोरच्या तवसाळच्या काठाला. सावलीत एक मावशी रिकामी पाटी घेऊन बसल्या होत्या, मासळी विकून परतत असाव्यात.

“कुठल्या गावची गो तू?”

“पालीजवळची.”

“आडनाव काय?”

“जाधव.”

“म्हणजे कुठले जाधव?”

हा प्रश्न मला पाठ आहे. “बौद्ध,” मी सांगितलं.

“बरं बरं,” म्हणत त्यांनी पाटी जरा सरकवली. मला जागा द्यायला की आणखी कशासाठी, हे ठरवत बसायचा त्या दिवशी कंटाळा आला. मी बसले. थोड्या वेळाने त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली, तेव्हा मी प्यायलेही.

तवसाळला उतरल्यावर कळलं की गुहागरची गाडी नुकतीच गेली. पुढची कधी, ते कोणालाच नक्की माहीत नव्हतं. शेवटी सिमेंटची पोती घेऊन जाणाऱ्या एका टेम्पोवाल्याने पुढे बसवलं. वाटेत त्याने चौकशी केली आणि मी गटाचं सांगितलं.

“कुठल्या पक्षाचा?”

“कुठल्याच नाही.”

“मग फायदा काय?” त्याने खरोखर न समजून विचारलं. “आमचा भाचा एका साहेबांच्या मागे फिरला. निदान गाडीवर स्टिकर तरी लागला.”

मी हसले. एरवी मी वाद घातला असता. राजकारण म्हणजे साहेब नव्हे, आपल्या रोजच्या जगण्यातल्या गोष्टी कोण ठरवतो ते राजकारण, हे मी शंभरदा सांगितलं असेल. त्या दिवशी पोत्यांवरून उडणारी धूळ तोंडावर घेत बसून राहिले. गुहागरला उतरून रिक्षा केली तेव्हा माझे केस पांढरे झाले होते.

अंजनवेल जवळ आलं की आधी वीज प्रकल्पाची धुराडी दिसतात, मग माडांची रांग, मग घरं. नाझनीनच्या आईने दार उघडलं आणि माझ्याकडे बघून हातच लावला कपाळाला. “अगो, ही काय पिठाच्या गिरणीतून आली? आधी तोंड धू.”

तोंड धुतल्यावर पानात सांदण आलं (तांदळाच्या रव्यात नारळाचं दूध घालून वाफवलेलं, जरा गोडसर). सोबत कोंबडीचा झणझणीत रस्सा. नाझनीन समोर बसून वाढत होती. तिने मला बघून मिठी मारली होती, पण का आलीस म्हणून विचारलं नव्हतं. तिला माहीत होतं.

तिचे अब्बा बरीच वर्षं कुवेतला बोटीवर काम करून अलीकडेच कायमचे परतलेत. जेवण झाल्यावर मी त्यांच्यासमोर बसले आणि भाषण सुरू केलं. दुसऱ्या वाक्यालाच त्यांनी हात वर केला.

“बेटा, मी कशाला अडवू? तिची बॅग मीच भरून ठेवलीय. ती बघ कोपऱ्यात. तीच जात नाय. मला कारण सांगत नाय. तू विचार, बघ तुला सांगते काय.”

मी बॅगेकडे बघत राहिले. रस्ताभर जुळवलेल्या वाक्यांचं आता काय करायचं, मला सुचेना. नाझनीन उठली. “चल, गड दाखवते.”

गोपाळगडाच्या तटावर ऊन कलतं होतं. खाली खाडीचं तोंड, पलीकडे दाभोळ. आम्ही दोघी पाय सोडून बसलो.

“कोणीच अडवलं नाही मला,” ती म्हणाली. “रत्नागिरीला मी राहते त्या मामाकडचेही फोनवर हेच विचारतात, सिद्धेशने मेसेजमध्ये हेच विचारलं. आमच्या घरात अडवतातच, असं धरून चालतात सगळे.”

“मग का नाही येत?”

“गटाच्या प्रत्येक पोस्टवर माझा फोटो असतो. माईक आला की माझ्या हातात. माझं नाव वाचलं की गट सगळ्यांचा वाटतो ना. पण वाचनकक्ष पाचव्या नंबरला टाकायचा हे ठरलं तेव्हा आपल्याला विचारलं कोणी?”

खरं होतं. निवेदनात आमची मागणी पाचवी होती. वर चार मोठ्या, देशपातळीवरच्या गोष्टी होत्या, ज्यांवर प्राचार्य ‘नक्कीच’ म्हणून मान हलवणार होते.

“आणि तुझं वेगळं आहे का, प्रज्ञा? एप्रिल आला की भाषण कोणाला देतात?”

ती रागाने बोलत नव्हती. फक्त थकलेली होती, माझ्यासारखीच, आणि तिने ते आधी मान्य केलं होतं.

मी तिथूनच सिद्धेशला फोन लावला. म्हटलं, वाचनकक्ष पहिला घ्या, आणि आत काय बोलायचं ते मी आणि नाझनीन ठरवतो. तरच तिला ‘चल’ म्हणते.

“अगं, आत्ता हे नको,” तो म्हणाला. “तू तिला आण. सोमवारनंतर बसून बोलू.”

फोन स्पीकरवर होता. नाझनीनने ऐकलं आणि माझी ओढणी झटकली. तिच्यातून अजून सिमेंट उडत होतं. त्यावर आम्ही हसायला लागलो आणि बराच वेळ थांबलोच नाही.

रविवारी मी एकटीच परत निघाले. ‘चल’ असं मी तिला म्हटलं नाही. नाझनीनच्या आईने डब्यात सांदण दिलं, अब्बा गुहागरपर्यंत सोडायला आले. “भांडण नाय ना झालं तुमचं?” त्यांनी दोनदा विचारलं. फेरीबोटीत मी कठड्याला टेकून उभी होते. जाताना भाषण तरी होतं डोक्यात. येताना डोकं रिकामं होतं आणि ते बरं वाटत होतं.

रत्नागिरीच्या स्टँडवर सिद्धेश स्कूटर घेऊन उभा होता.

“एकटीच? म्हटलं नव्हतं मी, घरच्यांनी अडवलं!”

“तिच्या वडिलांनी बॅग भरून ठेवलीय. ती तुमच्यासाठी येणार नाही.”

“म्हणजे?”

मी सांगायला लागले. त्याने मधेच फोन काढून कोणालातरी उत्तर दिलं. मग मी पालीची गाडी पकडली.

सोमवारी गटाची वेळ दुपारची होती. मी सकाळीच पाली आणि संगमेश्वर बाजूच्या मुलींना घेऊन प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभी राहिले.

“तुमची भेट दुपारी आहे ना?” ते म्हणाले.

“ती गटाची, सर. आम्हाला एकच गोष्ट सांगायचीय.”

संगमेश्वरच्या एका मुलीने स्टँडवर संध्याकाळ कशी जाते ते सांगितलं. ती कधी चार लोकांत बोललेली नव्हती. तिचा आवाज कापत होता, आणि त्यामुळेच असेल, सरांनी पेन खाली ठेवलं. शिपाई किती वाजेपर्यंत थांबेल, दिवे कोण बंद करेल, असले प्रश्न त्यांनी विचारले. शेवटी म्हणाले, “आजपासून दिवाळीपर्यंत चालवून बघू. नंतरचं नंतर.”

दुपारी सिद्धेशने मला गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून काढलं. वाईट वाटलं. तीन वर्षांची सवय होती.

संध्याकाळी वाचनकक्षाच्या पायरीवरून नाझनीनला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, “या आठवड्यात येते. वाचायला हं. बोलायला नाही.”

“वाचायलाच ये,” मी म्हटलं.

प्रवासाने माणूस ताजातवाना होतो म्हणतात. मी खाडी ओलांडून जाऊन आले ती जास्तच दमून आले. एवढं कळलं की ज्याच्यासाठी आपण दमतो ते आपलं असलं पाहिजे, आणि ते आपल्या तोंडून निघालं पाहिजे. दिवाळीनंतर काय होईल, माहीत नाही. पुन्हा केबिनबाहेर उभं राहावं लागेल बहुतेक.

आत जाऊन खिडकीजवळची जागा घेतली. मुली माना खाली घालून वाचत होत्या. कोणी बघत नव्हतं. मी पुस्तक उघडलं, पहिलं पान वाचलं, आणि टेबलावर डोकं ठेवून गाडीची वेळ होईपर्यंत गाढ झोपले.