होय, नाही, संबंध नाही

रविवारी दुपारी आमच्या घरात माणसं मरायची.

जेवणं उरकली, आईनं आतल्या खोलीत डोळा लावला, की आबा, म्हणजे माझे वडील, भिंतीला टेकून बसायचे, अडकित्त्यानं सुपारी कातरायचे आणि सावकाश एकेकाला मारायचे. कुणी बंद खोलीत मरे, कुणी भर बाजारात. मेलेल्या माणसाबद्दल दोन-तीन वाक्यं सांगून ते गप्प बसत. तो कसा मेला, हे मी आणि माझ्या ताईनं शोधायचं. प्रश्न हवे तेवढे विचारा, उत्तरं तीनच मिळणार: होय, नाही, संबंध नाही. त्यापलीकडे एक अक्षर नाही. घरात इतर वेळी तासभर बोलणारा माणूस तेव्हा एवढा कंजूष कसा होतो, याचं आम्हाला नवल वाटायचं.

आम्ही शाहूपुरीत राहत होतो, गुळाच्या एका वखारीवर दोन खोल्या घेऊन. सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. हंगामात खालून गुळाचा वास वर यायचा आणि कपड्यांत, अंथरुणांत, पुस्तकांच्या पानांत बसून राहायचा. छपरात एक काचेचं कौल होतं. त्यातून उन्हाचा एक चौकोन खाली पडायचा आणि दुपारभर जमिनीवरून सरकत राहायचा. अर्धवट झोपेत मी त्या चौकोनाकडे बघत पडायची आणि मेलेली माणसं त्यात येऊन बसल्यासारखी वाटायची. भीती कधी वाटली नाही. ती फार निवांत माणसं होती.

हा नाद आबांना कचेरीत लागला. तिथं बदलून आलेल्या कुणा कारकुनानं मधल्या सुट्टीत एक कोडं घातलं, ते आबांना तीन दिवस सुटलं नाही, आणि मग ते स्वतःच रचायला लागले. त्यांचं एक अजून आठवतं. एक राजा रात्री साडेअकराला शेकडो लोकांदेखत तलवारीनं मारला गेला. कुणी जागचं हललं नाही, बायका तेवढ्या डोळे पुसत होत्या. दुसऱ्या दिवशी तोच राजा सांगलीत पुन्हा मेला. आम्ही दोन रविवार डोकं फोडलं. जुळे भाऊ, भूतबाधा, तोतया, सगळं विचारून झालं. शेवटी ताईच्या लक्षात आलं, तो नाटकातला राजा होता. दुसरं असं, की चाळीस भाऊ एका खोलीत दाटीवाटीनं राहतात, रोज एकेक बाहेर पडतो, भिंतीवर डोकं घासतो आणि मरतो, पण पोलीस काही येत नाहीत. ही काड्यापेटी निघाली, तेव्हा मला आबांचा खरंच राग आला होता.

"प्रत्येक मरणाला एक पळवाट असते," आबा म्हणायचे. "आपण सरळ वाटेनं शोधतो म्हणून सापडत नाही." त्यांच्या एकाही कोड्यात खुनी नसायचा. माणूस मेलेला असायचा, पण त्याला कुणी मारलेलं नसायचं. हे मला फार उशिरा जाणवलं.

या खेळात न बसणारं एक माणूस त्या खोलीत असायचं. आमची आत्या, आबांची थोरली बहीण. आबा तिला आक्का म्हणत. ती नेसरीला दिली होती. तिचे यजमान, त्यांना आम्ही आमच्याकडच्या रीतीनं मामा म्हणायचो, ते वारले आणि महिन्याभरात आबा तिला कोल्हापूरला घेऊन आले. तेव्हा मी तीन वर्षांची होते. ती दाराशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची. आमच्या खेळाकडे तिचं लक्ष आहे की नाही, हे कधी कळायचं नाही. तिचा एकच छंद होता, दारात येईल त्याला जेवलास का विचारायचा. पोस्टमनलासुद्धा विचारायची. आणि कुणाच्या पानात कोरडी भाकरी म्हणून पडू द्यायची नाही. निदान कांदा तरी फोडून ठेवणार. आम्ही तिची नक्कल करायचो, आणि तीही हसायची.

मी पहिल्यापासून आगाऊ. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे आईचं माझ्याबद्दलचं कायमचं मत होतं. चौदाव्या वर्षी मला वाटायला लागलं की आता आबांइतकं कोडं मलाही रचता येईल. पण मरण आणायचं कुठून? त्या उन्हाळ्यात कोडोलीला एका लग्नात बायका कुजबुजत होत्या आणि मी खांबाआड बसून जिलबी खात होते. नेसरीच्या विहिरीचं काहीतरी होतं. एक माणूस, काठावर पायताण, आत प्रेत. कुणाचं ते कळलं, पण तेवढंच कळलं. मला वाटलं, झाकून सांगितलं की झालं. माणसाचा पैलवान केला, विहिरीचं तळं केलं. एवढं वेषांतर पुरेल असं वाटणं, हे त्या वयाचं शहाणपण.

पुढच्या रविवारी मी आबांची जागा घेतली आणि सांगितलं, "एक पैलवान. तळ्याच्या काठाला त्याचं पायताण जोडीनं नीट ठेवलेलं. आत तो मेलेला. त्यानं जीव दिला नाही, आणि कुणी ढकललंही नाही. तर पायताण का काढलं?"

ताईनं मला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. आबांचा अडकित्ता थांबला. माझं उत्तर तयार होतं, पायताण नवं होतं आणि चावत होतं. मला ते फार हुशारीचं वाटत होतं, म्हणून कुणी काही विचारायच्या आधीच सांगून टाकलं. मग खोलीत तांदळाचा आवाजसुद्धा राहिला नाही.

मला तेव्हा जे माहीत नव्हतं ते इथंच सांगते. मामा गेले त्या दिवशी सकाळी आत्याचं आणि त्यांचं भांडण झालं होतं. तिला बेंदराच्या सणाला माहेरी यायचं होतं, आणि मामा पेरणीचं निमित्त सांगून नको म्हणत होते. ती तोंडाला येईल ते बोलली. तुमचं तोंड बघू नये असं वाटतंय, हेही बोलली. मामा न जेवताच रानात गेले. मागाहून तिनं शेजारणीबरोबर फडक्यात बांधून भाकरी पाठवली ती रागातच, वर कोरड्यास म्हणून भाजी-आमटी काही नाही, नुसता मिरचीचा खरडा. संध्याकाळी त्यांना विहिरीतून काढलं. पायऱ्यांच्या तोंडाशी पायताण जोडीनं ठेवलेलं होतं, आणि आपल्याकडं त्याचा एकच अर्थ होतो. चुकून पडणारा माणूस पायताण काढून ठेवत नाही. गावानं ते ठरवून टाकलं, आणि गावाच्या आधी आत्यानं. नवऱ्याला मीच मारलं, हे तिनं अकरा वर्षं धरून ठेवलं होतं. आमच्या घरात तो विषय कुणी काढत नव्हतं. तिला त्रास नको म्हणून.

आत्यानं सूप खाली ठेवलं आणि ती उठून उन्हाच्या चौकोनाजवळ येऊन बसली.

"उत्तर चूक हाय तुझं," ती म्हणाली.

आबा म्हणाले, आक्का, पोर अजाण आहे, सोड. तिनं त्यांच्याकडं बघितलंही नाही.

"बरूबर काय ते मला बी ठावं न्हाय. पर मी हुतो तितं. तू इचार, मी सांगतो."

मला रडू यायला लागलं होतं. ताई उठून चालली होती, तिला आत्यानं बसवलं. आजवर या घरात तिला कुणी काही विचारलंच नव्हतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायचं काही कारण नव्हतं. मला एवढंच कळलं की ती चिडलेली नाही, आणि थांबले तर मात्र तिला वाईट वाटेल. म्हणून मी विचारायला सुरुवात केली. दुपार होती का? व्हय. तो एकटाच होता का? व्हय. पोहता येत होतं? न्हाय. कुणावर रागावला होता?

"व्हय," आत्या म्हणाली. "बायकूवर."

पुढचं ताईनं विचारलं. ताई सतरा वर्षांची होती आणि माझ्यापेक्षा नीट विचार करायची. त्याच्याजवळ खायला होतं का? व्हय. भाकरी तशीच राहिली होती का? इथं आत्या अडखळली. न्हाय, नुसतं फडकं होतं. भाकरी रागानं कुत्र्याला टाकली असणार, असं तिनं तेव्हाच मनाशी धरलं होतं आणि पुन्हा त्याकडे वळून बघितलं नव्हतं. ते तिनं त्याच सुरात सांगितलं.

"फडकं खाली पडलेलं होतं?" ताईनं विचारलं.

"न्हाय. हिरीच्या कट्ट्यावर पसरल्यालं. वर दोन दगुड ठेवल्यालं."

"मळलेलं होतं?"

"न्हाय."

"ओलं होतं?"

आत्याचे हात मांडीवर होते, आणि ते हळूहळू काहीतरी घडी घालत होते. रिकाम्या हवेचीच घडी, चौकोनी, मग आणखी चौकोनी. मी ते बघत राहिले. ऊन तिच्या बोटांवर आलं होतं. खालच्या वखारीत कुणीतरी ढेपा मोजत होतं, त्याचा आवाज लांबून, झोपेतून आल्यासारखा येत होता. त्या संध्याकाळी माणसाला विहिरीतून बाहेर काढून ठेवलेलं, सगळा गाव भोवती, आणि ही बाई कट्ट्यावरचं घरातलं फडकं उचलून घडी घालते. हाताची सवय. तेव्हा घातलेली घडी तिनं अकरा वर्षांनी आमच्यासमोर उलगडली.

"व्हय," ती म्हणाली. "हाताला गार लागलं हुतं."

मग आबांनी पहिल्यांदाच त्या खेळात प्रश्न विचारला. "आक्का, ते तू धुतलंस?"

"न्हाय."

"गावातल्या कुणी धुतलं?"

"हिरीत मानूस आसताना फडकं कोन धुतंय?" ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच थांबली.

आबा तिच्यासमोर येऊन बसले. ते सगळं सांगत गेले, एखाद्या लहान मुलाला समजवावं तसं. रागानं भाकरी फेकणारा माणूस फडकं धुवायला जात नाही. जीव द्यायला निघालेला माणूस ते वाऱ्यानं उडू नये म्हणून दगड ठेवत नाही. संध्याकाळी वाळलेलं घेऊन घरी यायचं म्हणूनच ठेवतो. जेवायला बसताना आपण कुणीही पायताण काढतोच, तसंच त्यांनी काढलं. अनवाणीच खाली उतरून हात धुतले, फडकं धुतलं, वर येऊन वाळत घातलं. मग तांब्या भरायला पुन्हा उतरले. त्या पायऱ्या शेवाळानं हिरव्या होत्या, हे आबांनी स्वतः बघितलं होतं, आणि तांब्या पुढच्या उन्हाळ्यात गाळ काढताना सापडला होता. हे सगळं त्यांना ठाऊक होतं. फडकं तेवढं ठाऊक नव्हतं. ते फक्त आत्याला ठाऊक होतं, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

"पाय घसरला, आक्का," आबा म्हणाले. "त्यांनी जीव दिला नाही. तू काही केलेलं नाहीस."

ताई रडत होती. मी तर कधीचीच रडत होते, आपण केवढा गुन्हा केला आणि त्यातून हे काय निघालं, काही समजत नव्हतं. मला वाटलं, आता आत्याही रडेल, आबांचा हात धरेल. एवढ्या मोठ्या गोष्टीतून सुटल्यावर माणूस काय करतो ते बघायला मी डोळे पुसून तिच्याकडे पाहिलं.

पण आबा काय म्हणाले ते तिच्या कानांपर्यंत गेलंच नसावं. जीव दिला की पाय घसरला, गाव काय म्हणालं, चूक कुणाची, यातलं काहीच तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. ती आपल्या हातांकडे बघत होती.

"म्हंजी जेवलं हुतं," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "नुसत्या खरड्यासंगं खाल्ली गं भाकरी त्येंनी. आनि फडकं बी धुतलं."