नको ती बाजू रंगवणारे सर

नातीची अकरावीच्या गणिताची फेरपरीक्षा परवावर आली आणि तिची उत्तरं तपासायला घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण काम सोपं होतं. पुस्तकात एका बाजूला गणितं, दुसऱ्या बाजूला आलेख, आलेखांना अ, ब, क, ड अशी नावं. कुठल्या गणिताचा कुठला आलेख ते तिनं सांगायचं आणि मी मागच्या पानावर बघून बरोबर की चूक एवढंच म्हणायचं. ते पान तिच्या हातात दिलं की ती आधी तेच बघते, म्हणून पुस्तक माझ्या मांडीवर.

या वेळी नापास झाली तर वर्ष जाणार होतं. शिवाय माझ्या मुलानं, म्हणजे तिच्या बापानं, सांगून टाकलं होतं की मग कॉमर्स बंद. गावाकडं पिशोरला चुलत्याकडं राहायचं आणि तिथं आर्ट्सला जायचं. पिशोर वाईट नाही, माझा संसार तिथंच झाला. पण पोरीला इथंच शिकायचं होतं, आणि चिडून घेतलेले निर्णय मला पटत नाहीत.

"एक्स अधिक वाय चारपेक्षा मोठं," ती म्हणाली. "आलेख ब."

"चूक. अ."

"एक्स अधिक वाय चारपेक्षा लहान. मग अ."

"चूक. ब."

"असं कसं?"

"मला काय विचारती? इथं छापलंय."

क आणि ड यांचंही तेच. पुढचं पान काढलं, तिथंही सगळी चूक. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी एखादं बरोबर आलं असतं. माझं डोकं तापलं.

"क्लासला जाती का भेळ खायला जाती गं?"

ती रडायला लागली. म्हणे क्लासमध्ये माझी सगळी बरोबर येतात, सर शाब्बास म्हणतात. रडण्यानं काम थांबतं, म्हणून मला ते चालत नाही. मी म्हटलं, नाक पूस आणि तू काय करती ते मला करून दाखव.

तिनं पट्टीनं तिरपी रेघ मारली. रेघेमुळं कागदाचे दोन भाग झाले. मग एक्स आणि वाय या दोन्ही अक्षरांच्या जागी शून्य घातलं. शून्य अधिक शून्य चारपेक्षा मोठं आहे का? नाही. म्हणजे ज्या बाजूला शून्याचा कोपरा आहे ती बाजू उत्तरात नाही. इथवर मलाही कळलं.

"म्हणून ही बाजू रंगवायची," असं म्हणून ती शून्याच्या बाजूला तिरप्या रेघा ओढायला लागली.

"अगं, ती तर नाही म्हणालीस ना आत्ताच?"

"व्हय आज्जी. नाही तीच रंगवायची. हवी ती कोरी ठेवायची. सरांनी तसंच शिकवलंय."

"आणि पुस्तकात?"

तिनं धड्याचं पहिलं पान काढलं. तिथं हवी ती बाजू रंगवलेली होती. हे पुस्तक वर्षभर तिच्या पाठीवरच्या पिशवीत फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून आम्ही क्रांती चौकात गेलो. क्लास दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. सर म्हणजे पोरगेलाच माणूस, चहा पीत उभा होता. मी सरळ विचारलं, नको ते का रंगवायला लावता?

"बसा ना आजी. त्याचं काय आहे, एकाच आलेखात पाच रेघा आल्या की रंगावर रंग बसतो. काही दिसत नाही. त्यापेक्षा नको ते खोडत जायचं. कोरं उरलं ते उत्तर. झटक्यात दिसतं."

म्हणणं खोटं नव्हतं, त्यामुळं जास्तच राग आला.

"हे पेपर काढणाऱ्याला कळवलंय का?"

"मी पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं, आपली पद्धत वेगळी, पुस्तकाची वेगळी."

मी नातीकडं बघितलं.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, सर करतात म्हणजे पेपरातबी तसंच येईल."

दोघांना एकाच रिक्षात घालून लांब कुठंतरी सोडून यावं असं वाटलं.

सरांनी मग सोपं करून दिलं. छापलेल्या आलेखात रंगवलेल्या भागातला एक बिंदू उचलायचा आणि गणितात घालायचा. खरं ठरलं तर बाजू तीच. चारपेक्षा मोठं किंवा चार असेल तर रेघ सलग, नुसतं मोठं असेल तर तुटक. रेघेत ती कधी चुकत नव्हतीच. घरी येऊन दिवसभर तेच केलं. तरी तिचं बोट आधी उलट्या आलेखावर जाई. मी पाटावर उलथनं आपटलं की ते परत येई. माझा स्वयंपाक राहिला आणि मुलानं बाहेरून वडापाव आणले.

परीक्षेच्या दिवशी कॉलेजच्या फाटकाशी मी उभी राहिले. ती बाहेर आली.

"जोड्या सगळ्या बरोबर लावल्या."

"मग तोंड का असं?"

"एक आलेख काढायला आला होता. त्यात सवयीनं नको ती बाजू रंगवली. पेननं. खोडायला वेळच नव्हता."

"तशीच सोडून आलीस?"

"खाली लिहिलं, कोरा भाग हे उत्तर आहे."

भर रस्त्यात मी कपाळाला हात लावला. निकाल लागेपर्यंत घरात कुणी तिच्याशी धड बोललं नाही, मीसुद्धा. निकाल आला तेव्हा ती काठावर पास होती. कॉलेजात पेपर बघायला मिळाला, तर त्या आलेखाचे गुण कापले गेले नव्हते. तपासणाऱ्यानं खालची ओळ वाचली असावी. मुलानं पिशोरचा विषय काढला नाही.

संध्याकाळी मी तिला विचारलं, आता बारावीला क्लास कुठला लावायचा?

"तोच," ती म्हणाली. "सर लई चांगलं शिकवतात, आज्जी."