दोन महिन्यांच्या गोळ्या

आत्या गेली तेव्हा तिच्या चपला दारात तशाच होत्या, तोंड रस्त्याकडे करून. आयुष्यभर तिनं अशाच काढल्या. दारात आली की उलटी वळायची, पाठमोरी होऊन चपला काढायची, म्हणजे निघताना वेळ जायला नको. आतोबा म्हणायचे, "ही घरी येत नाही हो, नुसती टेकायला येते." गल्लीत तिला भिंगरी म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि ती ओ पण द्यायची.

नोकरीच तशी होती तिची. सरकारी दवाखान्यांच्या योजना नीट चालतात का ते बघायचं. साहेब लोक वर बसून आकडे बघायचे, ही खाली जाऊन माणसं बघायची. दवाखान्यात पोचली की आधी आत जायचीच नाही. बाहेर बाकड्यावर पेशंटमध्ये बसायची. बसायची म्हणजे काय, या बाकड्यावरून त्या बाकड्यावर. गोळ्या मिळाल्या का, नीट बोलतात का, परत पाठवलं का कधी. लोकांना वाटायचं ही पण पेशंट आहे, बिचारीला काहीतरी घाबरं होतंय.

कापड कारखान्याच्या मागच्या वस्तीत एक संध्याकाळचा दवाखाना होता. बीपीवाल्यांचा आणि शुगरवाल्यांचा. दिवसा कामावर असणाऱ्यांना संध्याकाळी येता यावं म्हणून काढलेला. एक सिस्टर एकटी चालवायची. साहेब आत्याला म्हणाले, "निम्मे लोक दर महिन्याला येतच नाहीत. औषध सोडून बसलेत. असला दवाखाना ठेवून करायचं काय? तुम्ही एकदा जाऊन या, मग बंद करतो."

आत्या गेली. सिस्टर तिला ओळखून होती. म्हणाली, "आलात? कुलूप बरोबर आणलंय की मागून पाठवणार?"

"आधी जे येत नाहीत त्यांची घरं सांगा."

सिस्टरनं रजिस्टर उघडून सांगितली.

पहिलं घर कारखान्यात सूत कातणाऱ्या बाईचं. आत्यानं दारातूनच विचारलं, "गोळ्या का सोडल्या?"

"कुणी सोडल्या?" बाई उसळलीच. आतून डबा घेऊन आली. आजपर्यंतच्या गोळ्या बरोबर संपलेल्या, पुढच्या शिल्लक. "सिस्टर दोन महिन्यांच्या एकदम देतात. सारखं कोण जाणार? आमची शिफ्ट फिरती, संध्याकाळची बुडाली की पगार कापतात."

दुसऱ्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. म्हणजे लोक पळाले नव्हते. नियम महिन्याच्या गोळ्यांचा, सिस्टर देत होती दोन महिन्यांच्या, म्हणून मधल्या महिन्यात माणूस गैरहजर दिसायचा. आत्याला वाटलं उडी मारावी. बोळातून जवळजवळ पळतच सुटली. दवाखाना वाचला म्हणाली मनात.

शेवटचं घर टेलरमास्तरांचं. मशीनवर चादर टाकलेली. मास्तर खाटेवर, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर पडलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

बायको म्हणाली, "गोळ्या एक दिवस चुकवल्या नाहीत हो यांनी. मी स्वतः द्यायचे. पण त्या गोळ्या पुरतच नव्हत्या म्हणे, बीपी आतल्या आत वाढतच गेलं. मधे कुणी मोजलंच नाही ना."

मास्तर काहीतरी बोलायला बघत होते. आत्या जवळ वाकली. "सिस्टरला... काही... नका करू."

त्या संध्याकाळी आत्याला घर खायला उठलं. खिडकीपाशी जा, ओट्यापाशी ये, परत खिडकी.

"अगं, फरशी झिजेल," आतोबा म्हणाले. "बस जरा."

"अहो, ते एक घर सांगितलं नाही तर सगळं गोड होतंय. दवाखाना राहतो, सिस्टर राहते."

"मग नको सांगूस."

"आणि पुढचा मास्तर?"

आतोबांनी चष्मा काढला. "मला कशाला विचारतेस? तुझं ठरलंय. कुणीतरी नको म्हणावं, एवढ्यासाठी घिरट्या घालतेस."

सकाळी ती ऑफिसला गेली नाही, आधी सिस्टरकडे गेली. पाठीमागून सांगणं तिला जमायचं नाही.

"मी काय मास्तरांचं वाईट चिंतलं होतं?" सिस्टरचा आवाज फाटला. "लोकांची रोजी बुडू नये म्हणून दिल्या मी."

"ते पण सांगणार आहे."

"सांगा, सांगा. तुम्ही सांगून मोकळ्या व्हाल. मेमो मला येईल."

खरंच होतं ते.

साहेब म्हणाले, "चालू की बंद? एका शब्दात सांगा."

"एका शब्दात मावत नाही साहेब," आत्या म्हणाली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. डबे पण, मास्तर पण. मग म्हणाली, "ज्यांचं बीपी स्थिर आहे त्यांनाच दोन महिन्यांच्या द्या. आणि मधे मोजायला आपण जाऊ. शिफ्ट सुटते तेव्हा सगळे गेटवर असतात, मशीन घेऊन तिथंच उभं राहायचं. कारखान्यात बोलून ठेवायचं काम माझं."

साहेबांनी पेन काढून सगळं लिहून घेतलं. शेवटी दवाखाना राहिला. गेटवर मोजायचं पण सुरू झालं. आणि सिस्टरला मेमो आला.

तेव्हापासून सिस्टर आत्याशी बोलली नाही. समोरून भिंगरी येताना दिसली की रस्ता ओलांडायची. आत्या तरी जायचीच त्या दवाखान्यात, बाकड्यावर बसायची, लोकांना विचारायची. सिस्टर तिच्या डोक्यावरून पुढच्या पेशंटला हाक मारायची. मास्तरांकडे पण जायची आत्या, पण तिथं कधी बसली नाही. उभ्या उभ्याच विचारपूस.

गेली ती पण तशीच. कुठल्याशा दवाखान्यात निघालेली, बस स्टॉपवर कोसळली. दुसऱ्यांदा हाक मारायला कुणाला वेळ मिळाला नाही. पायातल्या चपला कुणीतरी घरी आणून दिल्या, आतोबांनी हातानं दारात ठेवल्या, तोंड रस्त्याकडे.

घर माणसांनी भरलेलं असताना सिस्टर आली. उंबऱ्याच्या बाहेरच थांबली.

"मी त्यांना माफ केलेलं नाही," आतोबांना म्हणाली.

"बरं," आतोबा म्हणाले.

"पण परवा गेटवर एकाचं मोजलं, मशीनच मोडलं की काय वाटावं एवढं बीपी. तसाच गाडीत घालून पाठवला. आज उठून बसलाय, जेवलाय. हे त्यांना सांगायचं होतं मला. बोलत नव्हते ना मी, म्हणून राहिलं."

"जरा लवकर यायचं होतं," आतोबा म्हणाले. "ती कुणासाठी थांबणारी नव्हती."

सिस्टर रडली मग. जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पायात आत्याच्या चपला येत होत्या म्हणून वाकली, वळवून भिंतीशी लावायला.

"राहू द्या," आतोबा म्हणाले. "तशाच राहू द्या."

आतून कुणीतरी पाणी आणलं, बसा म्हणाले. सिस्टर बसली नाही. शिफ्ट सुटायची वेळ होत आली होती.